आधी माणसं मोजा, मग बोट बघा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



मी मूळचा गुहागर तालुक्यातला. माझं लहानपण वाशिष्ठीच्या खाडीकाठी गेलं. पलीकडे दाभोळला मामाचं घर. मोटारी पोटात घेऊन खाडी ओलांडणारी आजची फेरीबोट तेव्हा नव्हती. तर होती. तर म्हणजे माणसं ने-आण करणारी होडी. सणासुदीला धक्क्यावर गर्दी उसळायची. तरीचा तांडेल काठाशी उभा राहून एकेकाला आत घ्यायचा आणि त्याच्या मनातला आकडा भरला की हात आडवा धरायचा. ‘‘बस्स. आता पुढच्या खेपेला.’’ त्यापुढे सरपंचाचं चालत नसे, की गुरुजींचं. आम्हा मुलांना त्याचा राग यायचा. समोर होडीत जागा दिसते आहे, मग हा घेत का नाही? त्याचं उत्तर मला फार उशिरा, आणि सातासमुद्रापलीकडे मिळालं. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

गेली पंचवीस-सव्वीस वर्षं मी अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात राहतो. या राज्यातल्या मोटारींच्या नंबरपट्टीवर ‘दहा हजार सरोवरं’ असं लिहिलेलं असतं. तो आकडा नम्रपणे सांगितलेला आहे. दहा एकरांहून मोठी सरोवरं मोजली तर ती ११,८४२ भरतात. नोंदणी झालेल्या बोटी आठ लाखांहून अधिक. आपल्याकडे दारात दुचाकी असावी तशी तिथे बऱ्याच घरांच्या अंगणात ताडपत्रीखाली झाकलेली बोट असते. हिवाळा सहा महिन्यांचा. त्यामुळे उन्हाळ्याचे चार महिने माणसं पाण्यावरच काढतात. तिथे स्थायिक झालेली मराठी घरं आधी मोटार घेतात, मग घर घेतात, आणि मुलं जरा मोठी झाली की एखाद्या रविवारी विषय निघतो, ‘‘आपणही एक बोट घ्यायची का?’’

मला या विषयावर बोलायला सांगितलं तेव्हा मी विचारलं, ‘‘अहो, जुनी बोट कशी घ्यावी हे ऐकून महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना काय करायचंय?’’ उत्तर मिळालं, की आता किती घरांतली मुलं तिकडे आहेत! आई-वडील चार-सहा महिने तिथे जाऊन राहतात, आणि त्या बोटीत बसणारे तर तेच असतात. हे म्हणणं मला पटलं. कारण आमच्या बोटीतही माझी आई होती.

सुरुवातीला ‘डेक बोट’ म्हणजे काय ते सांगतो. अमेरिकेतल्या सरोवरांवर घरच्या सहलीसाठी मुख्यतः तीन तऱ्हेच्या बोटी दिसतात. पहिली पाँटून. ॲल्युमिनियमची दोन-तीन लांब नळकांडी आणि त्यांवर सपाट फळी, जणू पाण्यावरचा ओटा. स्थिर, पण चालीला मंद. दुसरी बोराइडर. टोकदार नाळ, खोल तळ, वेगवान, पण पुढे बसायला जागा चिंचोळी. डेक बोट या दोघींच्या मधली. तिचा तळ बोराइडरसारखा निमुळता, पाणी कापणारा, पण वरचा भाग थेट नाळेपर्यंत रुंद ठेवलेला. त्यामुळे अठरा ते चोवीस फुटांच्या बोटीत पुढेही चार-पाच माणसं ऐसपैस बसतात. पुढून-मागून चढायला शिडी असते. काही बोटींत तर कपडे बदलायला आडोसाही असतो. म्हातारी माणसं आणि लहान मुलं असलेल्या कुटुंबाला ही बोट सोयीची वाटते, आणि ती सोयीची आहेच. पण तिची सोय हाच तिचा धोकाही आहे. पुढे जागा आहे म्हणून माणसं पुढे जाऊन बसतात आणि नाळ वजनानं खाली दबते.

नवी डेक बोट चांगल्या मोटारीइतकी महाग, कधी तिच्याहून जास्तच. म्हणून बहुतेक लोक वापरलेली घेतात. आम्हीही २००९च्या मे महिन्यात घेतली. एकोणीस फुटी, अकरा वर्षं जुनी. साडेसात हजार डॉलर पडले. विकणाऱ्यानं तिला पॉलिश करून आरशासारखी चमकवली होती. गाद्या नव्या, गालिचा नवा. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘बारा माणसं आरामात.’ मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. दोघं उड्या मारून गाद्यांवर बसले आणि उतरेनात. मी इंजिनिअर. कारखान्यात दुसऱ्यांच्या यंत्रांवर सह्या करणारा माणूस. पण त्या दिवशी मी गालिचा उचलून खाली पाहिलं नाही. चालकाच्या जागेजवळ, एखादी पट्टी काढून टाकल्यासारखी रिव्हेटची दोन भोकं दिसत होती. तीही पाहिली आणि विचारलं नाही.

चार जुलैची सुट्टी आली. मिनीॲपोलिसच्या पश्चिमेला लेक मिनेटोंका नावाचं मोठं सरोवर आहे. अनेक उपसागर एकमेकांत गुंतावेत तसं पसरलेलं. त्या रात्री तिथे आतषबाजी असते आणि सरोवरावर बोटींची जत्रा भरते. आम्ही दोन मित्रकुटुंबांना बोलावलं होतं. ऐन वेळी एकाचे मेहुणे-मेहुणीही आले. धक्क्यावर उभे राहिलो तर आठ मोठे, पाच मुलं. एकूण तेरा. शिवाय बर्फाची पेटी, पातेलंभर पावभाजी आणि ढोकळ्याचे डबे.

आई तेव्हा बहात्तर वर्षांची होती. ती म्हणाली, ‘‘अरे, किती जण घेतोयस? दाभोळचा तांडेल असता तर निम्म्यांना खाली उतरवलं असतं त्यानं.’’ आम्ही सगळे हसलो. कुणीतरी म्हणालं, ‘‘मावशी, लोकलमध्ये चौथी सीट होते की नाही? सरकून बसू.’’ आपला स्वभावच असा. ‘या, या, होईल जागा’ म्हणणं हे आपल्याकडे मोठेपणाचं लक्षण. दारी आलेल्या पाहुण्याला ‘तुम्ही मागे थांबा’ कसं म्हणायचं? मला ते म्हणता आलं नाही.

सूर्य मावळत होता. फोटोसाठी पाच-सहा जण नाळेपाशी गोळा झाले. मी इंजिन न्यूट्रलला घेतलं, ते केवळ फोटो हलू नये म्हणून. तेवढ्यात डावीकडून एक मोठी बोट गेली आणि तिच्या मागे उठलेली लाट आमच्यावर आली. एरवी त्या लाटेनं बोट फक्त डुलली असती. पण नाळ आधीच दबलेली होती. ती वर उचललीच गेली नाही, सरळ लाटेत घुसली. पाणी एखाद्या घंगाळातून ओतावं तसं आत आलं. आई बाकावरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. मित्राचा चौदा वर्षांचा मुलगा नाळेवरून बाहेर फेकला गेला. दहा वर्षांखालच्या मुलांनी जॅकेट घातलंच पाहिजे असा मिनेसोटाचा कायदा आहे, म्हणून तीन लहान मुलांच्या अंगात जॅकेट होती. चौदा वर्षांच्या मुलाला तो कायदा लागू नव्हता. त्याचं जॅकेट बाकाखाली होतं, दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच. तो वर येईपर्यंत अर्धं मिनिट गेलं असेल. त्याच्या आईनं त्या अर्ध्या मिनिटात मारलेली हाक मी आयुष्यात विसरणार नाही. इंजिन गिअरमध्ये असतं, मागचा पंखा फिरत असता, तर काय झालं असतं, हा विचार अजूनही रात्री जागं करतो.

मुलगा पोहत आला. पाणी उपसणारा पंप आपोआप सुरू व्हायला हवा होता, तो झाला नाही. त्याच्या तारा गंजलेल्या होत्या. डब्यांनी पाणी उपसलं. गस्तीची बोट आली आणि आम्हाला ओढून काठाला घेऊन गेली. कुणी दगावलं नाही. आमची पुण्याई, दुसरं काय!

पुढच्या आठवड्यात बोट मेकॅनिककडे नेली. त्यानं नवा गालिचा उचलला. खालची फळी ओल्या बिस्किटासारखी झाली होती. डेक बोटीच्या जमिनीखाली, बोट पाण्यानं भरली तरी तरंगावी म्हणून फोम भरलेला असतो. वर्षानुवर्षं पाणी झिरपून तो फोम स्पंजासारखा भिजून गच्च झाला होता. मेकॅनिकनं बोट ट्रेलरसकट वजनकाट्यावर नेली. ट्रेलरचं, पेट्रोलचं, बॅटरीचं वजन वजा केलं, तरी कारखान्याच्या कागदावरच्या आकड्यापेक्षा बोट सहाशे पौंडांनी जड निघाली. सहाशे पौंड म्हणजे सुमारे पावणेतीनशे किलो. चार धडधाकट माणसं! म्हणजे आम्ही तेरा जण चढण्याआधीच चार प्रवासी फळीखाली दडून बसले होते.

आणि ती रिव्हेटची दोन भोकं? तिथे क्षमतेची पट्टी होती. अमेरिकेत १९७१ साली नौकासुरक्षेचा कायदा झाला. नोव्हेंबर १९७२ पासून बनलेल्या, वीस फुटांहून कमी लांबीच्या बहुतेक मोटरबोटींवर अशी पट्टी लावणं बंधनकारक आहे. माणसं किती, माणसांचं वजन किती, माणसं-सामान-इंजिन मिळून एकूण वजन किती, हे त्या पट्टीवर लिहिलेलं असतं. पट्टी नसेल तर एक ढोबळ हिशेब सांगितला जातो. बोटीची लांबी आणि रुंदी फुटांत घ्या, त्यांचा गुणाकार करा आणि पंधरानं भागा. आमची बोट एकोणीस फूट लांब, आठ फूट रुंद. उत्तर येतं दहा. जाहिरातीत बारा. चढलो तेरा. फळीखालचे धरले तर सतरा.

आमची पहिली बोट अशी होती. आम्ही ती भंगारात काढली. पुढल्या वर्षी आईनंच फोनवरून विचारलं, ‘‘पोरांना पाण्याची भीती बसली तर नाही ना? मग नीट बघून दुसरी घे.’’ ती दुसरी बोट घेताना जे शिकलो, ते क्रमानं सांगतो.

पहिलं, माणसं मोजा. आपल्या घरातली रोजची माणसं किती, त्यांची वयं काय, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला साडी नेसून चढायचंय, हे कागदावर लिहा. आमच्या घरची सहा आणि पाहुणे दोन, असे आठ झाले. मग आठांसाठी नाही, दहांसाठीची बोट शोधा. वर्षातून एकदा येणाऱ्या पंधरा माणसांसाठी बोट घ्यायची नसते. त्या दिवशी दोन खेपा करायच्या असतात.

दुसरं, पट्टी आणि क्रमांक. क्षमतेची पट्टी जागेवर आहे का ते बघा. वीस फुटांहून मोठ्या बोटीला ती सक्तीची नाही, तरी बरेच कारखानदार लावतात. बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. तिच्यावर उजव्या अंगाला बारा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक कोरलेला असतो. १९८४ नंतरच्या बोटींत त्याचे शेवटचे दोन अंक मॉडेलचं वर्ष सांगतात. तो क्रमांक आणि मालकीचे कागद जुळले पाहिजेत. बोटीवर बँकेचं कर्ज तर नाही ना, हेही तिथेच विचारून घ्या. कर्ज फेडलेलं नसेल तर पैसे तुमचे आणि बोट बँकेची, असा प्रकार होतो.

तिसरं, तळ आणि फळी. आपण बाजारात माठ घेताना काय करतो? बोटाच्या पेरानं वाजवून बघतो. खणखणीत आवाज आला तर घेतो, बद्द आला तर ठेवतो. बोटीचंही तसंच. प्लॅस्टिकच्या छोट्या हातोडीनं ट्रान्सम वाजवत जा. वरून फायबरग्लास असलं तरी जुन्या बोटींत आत प्लायवूड असतं आणि इंजिनाचा सगळा भार त्यावर असतो. बद्द आवाज म्हणजे आत लाकूड कुजलेलं. मग जमिनीवर टाच दाबत चाला. फळी दबली, लवली, तर गालिचा उचलायला सांगा. विकणारा नको म्हणाला तर नमस्कार करून घरी या. आणि पसंत पडली तर बोट वजनकाट्यावर न्या. थोडे डॉलर जातील, पण फळीखालचे प्रवासी मोजले जातील.

चौथं, इंजिन. विकणाऱ्याला आधीच सांगा, की मी येण्यापूर्वी इंजिन चालू करू नका. गेल्या गेल्या इंजिनाला हात लावून बघा. गरम लागलं तर समजा, की थंड असताना ते सहज सुरू होत नसावं. मिनेसोटात थंडी उणे तीस अंशांपर्यंत उतरते. हिवाळ्यापूर्वी इंजिनातलं पाणी काढून टाकलं नाही तर ते गोठतं. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं आणि बिडाचा ब्लॉक तडकवतं. अशी तड बुजवून, रंग मारून विकलेली इंजिनं असतात. म्हणून तेल बघा. तेल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. सिलिंडरांचा दाब मोजून घ्या. आकडे एकमेकांपासून दहा टक्क्यांहून जास्त दूर नसावेत. इंजिन किती तास चाललं हे दाखवणारं मीटर असतं. फार तास म्हणजे झिजलेलं. पण पंधरा वर्षांत शंभरच तास म्हणजे पडून राहिलेलं, आणि पडून राहिलेलं इंजिनही तितकंच संशयास्पद.

इंजिन बोटीच्या आत आणि पंखा बाहेर, अशा रचनेला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. या दोहोंमध्ये लोहाराच्या भात्यासारखा घड्यांचा एक रबरी भाता असतो. तो पाण्याच्या पातळीखाली असतो. तो फाटला की धक्क्याला बांधलेली बोट रात्रीतून बुडते. तो कधी बदलला, त्याची पावती मागा. आणि आत इंजिन असेल तर पेट्रोलची वाफ तळाशी साठते. सुरू करण्याआधी चार मिनिटं पंख्यानं ती बाहेर काढायची असते. तो पंखा चालतो का, ते कान लावून ऐका. आम्ही दुसऱ्या वेळी इंजिन बाहेर टांगलेली, म्हणजे आउटबोर्डची बोट घेतली. ती माझी आवड. नीट राखलेलं स्टर्नड्राइव्हही वाईट नाही.

इथे आणखी एक गोष्ट. बोटीच्या मागच्या बाजूला पोहण्यासाठी फळी असते आणि मुलांना ती फार आवडते. पण धुराची नळी तिथेच उघडते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही. ॲरिझोना आणि युटाच्या सीमेवरच्या लेक पॉवेल या सरोवरावर २००० साली एका हाऊसबोटीच्या मागे पोहणारे दोन लहान भाऊ या वायूनं गेले. इंजिन चालू असताना मागे कुणीही बसायचं नाही, हा नियम बोट घेण्यापूर्वीच मुलांना पाठ करून घ्या.

पाचवं, ट्रेलर आणि ओढणारी मोटार. बोट घेताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्या लोकांकडे बहुधा मिनिव्हॅन असते. ती साधारण साडेतीन हजार पौंड ओढू शकते. वीस फुटी डेक बोट, इंजिन, पेट्रोल आणि ट्रेलर मिळून वजन त्यापुढे सहज जातं. ओढणं एक वेळ जमेल. उतारावर थांबवणं जमणार नाही. ट्रेलरचे टायर वरून नवे दिसले तरी त्यावरचे चार अंक वाचा. कितव्या आठवड्यात, कुठल्या वर्षी ते बनले, हे त्यांवरून कळतं. उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, ते वाळतात, आणि भर रस्त्यात फुटतात.

सहावं, पाण्यावरची चाचणी. ती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. चाचणीला घरची माणसं सोबत न्या. एकट्या विक्रेत्यासोबत बोट छान पळते. वजन चढल्यावर ती कशी उठते, कशी वळते, ते बघायचं असतं. पाणी उपसणारा पंप बादलीभर पाणी ओतून चालवून बघा. नाळेकडे चार माणसं पाठवा आणि पुढचा काठ पाण्यापासून किती वर राहतो ते डोळ्यांनी पाहा. आणि शक्य असेल तर बोटी तपासणारा मरीन सर्व्हेअर बोलवा. फुटामागे ठरावीक दरानं तो पैसे घेतो. ते खर्च वाटतील. आमच्या सर्व्हेअरनं दोन बोटींना ‘नको’ म्हटलं. त्यातली दुसरी तर मुलीला अतिशय आवडली होती, गाडीत रडली ती. पण एक लक्षात आलं. ‘नको’ म्हणण्याची अडचण आम्हाला होती, त्याला नव्हती. त्याला आम्ही त्याचेच पैसे दिले होते.

तिसरी बोट घेतली. २०१०च्या ऑक्टोबरमध्ये. एकवीस फुटी, पट्टीवर दहा माणसं. शरद ऋतूत घेण्याचाही फायदा होतो. हिवाळाभर बोट ठेवायचं भाडं भरण्यापेक्षा विकलेली बरी, असं मालकांना वाटू लागतं आणि किंमत उतरते. मात्र ठरवलेल्या रकमेतला पाचवा हिस्सा बाजूला ठेवा. जुन्या बोटीला पहिल्या वर्षी काहीतरी लागतंच. आमच्या बोटीला बॅटरी, पंपाच्या तारा आणि दोन टायर लागले.

आता तिच्यासोबतच्या वस्तूंविषयी. जुन्या बोटीबरोबर जुनी जॅकेट फुकट मिळतात. ती बहुधा टाकून द्यायच्याच लायकीची असतात. मुलांची जॅकेट वयावर नाही, वजनावर मिळतात. तीस पौंडांखाली एक, तीस ते पन्नास एक, पन्नास ते नव्वद एक. ‘पुढल्या वर्षीही होईल’ म्हणून शाळेच्या गणवेशासारखं मोठं घेऊ नका. पाण्यात ते जॅकेट वर राहतं आणि मूल खालून निसटतं. आग विझवायचं नळकांडं बघा. एकदा वापरून टाकायच्या प्रकारातलं असेल तर बनल्यापासून बारा वर्षांनी ते बाद धरलं जातं, हा नियम २०२२ पासून अमलात आला. आणखी एक छोटी दोरी असते. तिचं एक टोक चालकाच्या अंगाला, दुसरं इंजिनच्या बटणाला. चालक पडला की इंजिन बंद. सव्वीस फुटांहून लहान बोटीत हे बटण बसवलेलं असेल, तर बोट वेगात असताना ती दोरी किंवा तसंच दुसरं साधन वापरणं १ एप्रिल २०२१ पासून कायद्यानं आवश्यक झालं आहे. ती दोरी जागेवर आहे का आणि ओढल्यावर इंजिन खरंच बंद पडतं का, हे चाचणीतच बघून घ्या.

अमेरिकेचं तटरक्षक दल दरवर्षी बोटींच्या अपघातांचा अहवाल काढतं. आकडे थोडे बदलतात, गोष्ट बदलत नाही. मरणारे बहुतेक बुडून मरतात, आणि बुडालेल्यांतल्या दर दहापैकी आठांहून अधिक जणांच्या अंगात जॅकेट नसतं. बोटीत ते असतं. बाकाखाली.

हे दूरदेशीचं वाटत असेल तर आठवण करून देतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि पंधरा जणांचा जीव गेला. तो अपघात वेगळा, त्याची कारणं वेगळी. पण पाण्यात पडल्यावर अंगात काय आहे, हा प्रश्न सगळीकडे एकच असतो. तारकर्लीला जा, घारापुरीला जा, नाहीतर मुलाकडे अमेरिकेला जा. बोटीत पाय ठेवण्यापूर्वी विचारा, किती माणसांची आहे? आता किती आहेत? माझं जॅकेट कुठे आहे? प्रश्न विचारणाऱ्याला लोक भित्रा म्हणतील. म्हणू देत.

इंजिन, तळ, कागद हे सगळं तपासता येतं. ते शिकायला एक रविवार पुरतो. पण भरलेल्या बोटीसमोर उभं राहून, ओळखीच्या, हसऱ्या, पावभाजीचं पातेलं घेऊन आलेल्या माणसाला ‘तुम्ही पुढच्या खेपेला’ म्हणणं, हे मला कुठल्याही पुस्तकानं शिकवलं नाही. म्हणून आम्ही दुसऱ्या बोटीवर एक युक्ती केली. पट्टीवर दहा लिहिलं होतं, तरी चालकाच्या समोर मी मराठीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, ‘फक्त आठ’. पाहुण्यांना ते बोट दाखवून वाचायला लावायचं. नाही म्हणायचं काम ती पाटी करते.

आई त्यानंतर तीनदा आली. प्रत्येक वेळी साडीवर नारिंगी जॅकेट चढवून धक्क्यावर उभी राहायची, एकेकाला आत सोडायची, आणि आठ झाले की हात आडवा धरायची. तो हात मी ओळखला. दाभोळच्या धक्क्यावरचा होता तो.

आता ती अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. प्रवास झेपत नाही. या वेळी गुहागरला घरी रेडिओ लावून बसली असेल. आई, तुझं मोडलेलं मनगट थंडीत अजून दुखतं, हे मला ठाऊक आहे. या उन्हाळ्यातही आम्ही आठच जण निघू.